तेरवळला दर्या किती वर चढला

५.६१ मीटर

“वर. आणखी वर. अगो, हात लांब कर, लाजतंस कित्याक?”

पाट, पाटावर स्टूल, स्टुलावर मी, माझ्या हातात खडू. खाली सरपंच जयराम मयेकर कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्या मागे मयेकरांचं सगळं घर, पाळण्यातल्या तान्ह्यासकट, माझ्या खडूकडे बघत.

“इथे?”

“थयसून चार बोटां वर.”

“चार बोटं वर तुळई आहे, सरपंच.”

“तुळयेकच लागलला पाणी. लिव.”

लिहिलं. स्टूल हललं, मी हलले, तान्हं हसलं. दारात लाल-पांढऱ्या खुणांची मोजपट्टी घेऊन उभे असलेले प्रल्हाद कोयंडे खाकरले. कोयंडेकाका निवृत्त पोस्टमन. मी अंगणातल्या तिपाईवरच्या दुर्बिणीतून पट्टी वाचायची आणि काकांनी ती सरळ धरायची, एवढ्यासाठी आमच्या संस्थेनं त्यांना महिनाभर नेमलं होतं. बत्तीस वर्षं सरकारी पत्रं वाटल्यामुळे माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलत. मयेकरांकडे मात्र ते काही बोलले नाहीत. नुसते खाकरले.

> नमुना ३
> घर क्रमांक: १
> मोठ्या तुफानात पाणी कुठपर्यंत आले होते: तुळईपर्यंत
> सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय: १५
> समुद्रसपाटीपासून उंची: ५.६१ मी.
> शेरा:

शेऱ्याची जागा मी रिकामी ठेवली. तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पहिली नोकरी, आणि लोक सांगतील ते खरं मानून लिहायचं असं मला शिकवलं होतं.

५.८४ मीटर

“मयेकराकडे किती लिवलंस?”

सत्यभामा पराडकर. समोर विळी, विळीवर सुरमई, हाताला खवले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

“दुसऱ्याच्या घरचं सांगता येत नाही, मावशी.”

“मगे आमचा तेच्यापेक्षा वीतभर जास्त लिव.”

“असं कसं? किती होतं ते आठवून सांगा ना.”

“आठवतंय तर! मयेकरापेक्षा वीतभर जास्त होता.”

कोयंडेकाका दोनदा खाकरले.

६.३०, ६.५५, ७.४० मीटर

चौथ्या दिवसापर्यंत एकोणीस घरं झाली. एका घरी पाणी माळ्यावर चढलं होतं. माळा तुफानानंतर दहा वर्षांनी बांधलेला. एका घरी कौलांत बांगडे अडकले होते आणि ते आठ दिवस वरून पडत होते, एकेक, जेवायच्या वेळेला. एका आजोबांनी मला माडाचा शेंडा दाखवला. मी म्हटलं, आजोबा, बेचाळीस वर्षांपूर्वी हा माड केवढा होता? आजोबा म्हणाले, माड लहान होतो, दर्या मोठो होतो.

मी लिहीत होते. पावसाची उघडीप होती, श्रावणातलं ऊन होतं, प्रत्येक पडवीत मला सोलकढी मिळत होती, आणि रोज पाणी फूटभर चढत होतं. असं वाटत होतं की आणखी आठवडाभर राहिले तर समुद्र घाट ओलांडून आमच्या सांगलीपर्यंत येईल.

फोनला रेंज फक्त शाळेच्या मागे यायची. तिथून संस्थेतल्या देवस्थळीसरांना फोन लावला.

“आकडा मिळाला?” सर म्हणाले.

“सर, सरासरी सहा मीटर येतेय.”

“सहा?”

“एक माड वगळून.”

मग सर म्हणाले, “ऋजुता, संगणकाला मी सगळं दिलंय. वारा, भरती, तळाचा उतार. तो म्हणतो, असं तुफान परत आलं तर पाणी तीन ते पाच मीटरच्या मध्ये कुठेतरी चढेल. त्यातलं नेमकं कुठे, ते त्याला सांगता येत नाही. ते लोकांना माहीत आहे. म्हणून तुला पाठवलं. आणि तू सहा आणतेस?”

हा आकडा कशाला हवा होता ते इथेच सांगते. नव्या नियमाप्रमाणे गावात एक धोकारेषा आखायची होती. पाणी जिथवर चढू शकतं तिथे रेषा. आणि रेषेच्या वरच्या अंगाला, शक्य तितका जवळ, गावासाठी एक निवारा. पक्का, काँक्रीटचा, तुफानात सगळ्यांनी जाऊन बसायचा. तेरवळमध्ये त्यासाठी दोनच जागा होत्या. एक शाळेमागचा माळ, समुद्रसपाटीपासून सव्वाचार मीटर, जिथे मी फोन धरून उभी होते. दुसरी वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावर जायला जांभ्या दगडाच्या दोनशे बारा पायऱ्या.

रेषा चारच्या खाली आली तर माळ. वर गेली तर सडा. सुनावणी शनिवारी, प्रांतसाहेबांसमोर.

०.०० मीटर

विसावं घर वाळूवर होतं. अगदी शेवटचं. त्याच्यापुढे सुकत घातलेली जाळी, मग समुद्र. दारात भागीरथी तांडेल पाय लांब करून बसलेल्या. सगळं गाव त्यांना भागाआये म्हणायचं. वय सत्तरच्या आसपास, आवाज होडीवरून हाक मारावी तसा, आणि दोन वर्षांपासून कमरेखाली ताकद नाही. मुलगा महिना-महिना बोटीवर. घरी सून सुलू.

मी खडू काढला.

“तो ठेव आत,” भागाआये म्हणाल्या. “आमच्या घराक पाणी इला नाय.”

“मोठ्या तुफानात?”

“इलाच नाय.”

“जराही?”

“कानान बहिरी असंस काय गो? शून्य लिव.”

मी काकांकडे पाहिलं. ते खाकरतील म्हणून वाट पाहिली. ते समुद्राकडे बघत होते.

सुलूनं सोलकढी आणली. भागाआये माझ्या दुर्बिणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्या सगळ्या मापान तो निवारो बांधतले ना? खय बांधतले?”

“ठरायचंय. शाळेमागे, नाहीतर सड्यावर.”

“सड्यार माका कोण नेतलो?”

“चार माणसं लागतील.”

“चार माणसांका आपापली म्हातारी नाय? आपापली पोरां नाय?” त्यांनी सुलूकडे पाहिलं आणि ती आत गेली आहे याची खात्री केली. “मी हयसरच रवलंय तर रवलंय. माझा काय! पण ती जावची नाय. मी ओळखतंय तिका. माका सोडून ती जावचीच नाय. तां माका नको.”

“मग आये, पाणी किती आलं ते खरं सांगा. तुमचं घर सगळ्यात खाली. तुमचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.”

“सांगलंय ना? शून्य.”

घराची जमीन मात्र मोजू दिली. २.४५ मीटर. म्हणजे समुद्र इथून आत शिरला, या घराला वळसा घालून पुढे गेला आणि मयेकरांच्या तुळईला जाऊन लागला. मी तेही लिहिलं.

१.१० मीटर, जेटीवरचा चहा

“तुम्ही का खाकरता, काका?”

“घशाची सवय.”

“तांडेलांकडे नव्हती सवय.”

कोयंडेकाकांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला, बशी ठेवली. मग पोस्टात तक्रार अर्ज वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, “मॅडम, नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडतात, हे आपणांस विदित असेलच.”

“आहे.”

“आमच्या गावी पहिला नारळ सोडण्याचा मान असतो. पूर्वी त्यावरून डोकी फुटत. मोठं तुफान झालं त्यानंतर गावानं ठरवलं की ज्याच्या घरी दर्या सर्वांत वर चढला, त्याच्याकडे तो सर्वांत जास्त मनापासून आला, तस्मात त्याचा पहिला नारळ. दुसऱ्याचा दुसरा. असा क्रम.”

मी बशी तोंडाला लावली.

“मयेकरांचा पहिला आहे,” काका म्हणाले, “पण ते कोणी मानत नाही. बेचाळीस वर्षं वाद आहे. मोजायला कोणी नव्हतं. आणि आता, ऐन पौर्णिमेच्या तोंडावर, सरकारी दुर्बीण घेऊन आपण आलात.”

चहा माझ्या नाकातून बाहेर आला. मी हसत सुटले, जेटीवर पाय आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि काकाही हसायला लागले, खांदे गदागदा हलवत, आवाज न करता. चहावाला विचारत होता काय झालं, आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. एकोणीस घरांनी मला नारळाचा क्रम सांगितला होता. मी त्याचे मीटर केले होते.

मग हसू संपलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्या कागदांवर माझी सही आहे.

“काका, हे आधी का नाही सांगितलंत?”

“मीही या गावचा आहे, मॅडम. आमच्याकडे ६.५५ लिहिलंय. मी खाकरलो होतो.”

सुनावणी: ६.१० वरून उतरत उतरत

शनिवारी शाळेचा मोठा वर्ग भरला. बाकं बाहेर, माणसं आत. फळ्यासमोर प्रांत हुलवळेसाहेब, शेजारी त्यांचे लिपिक, समोर पहिल्या रांगेत सरपंच, दुसऱ्या रांगेत सत्यभामा पराडकर आणि त्यांच्या भोवती सगळ्या बायका. भागाआयेंना सुलूनं मासे न्यायच्या हातगाडीवरून आणलं होतं. हातगाडी दारातच उभी होती. त्यामुळे दार बंद होत नव्हतं आणि उरलेलं गाव तिच्या आजूबाजूनं डोकावत होतं.

मी उभी राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. तुमच्या खुणांवरून रेषा सहा मीटरवर जाते. मग शाळेमागचा माळ धोक्यात येतो. मग निवारा सड्यावर.

“सड्यार?”

“दोनशे बारा पायऱ्या?”

“तुफानात?”

“मेल्यांनो, कोणी सांगलला इतका वर चढवूक!”

“तूच सांगलंस, तुळयेक लागला म्हणून!”

हुलवळेसाहेबांनी टेबलावर पेपरवेट आपटला. “म्हणजे आकडे चुकीचे दिलेत?”

चुकीचे दिले म्हटलं तर पहिला नारळ गेला. बरोबर दिले म्हटलं तर सडा. सरपंच जयराम मयेकर घामाघूम. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात म्हातारी आई घेतलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहत होते.

तेवढ्यात सत्यभामाबाई उठल्या. “सोपा असा. यंदापासून उलटा करूया. जेच्या घराक पाणी कमी, तेचो नारळ पयलो!”

टाळ्या! शिट्ट्या! अडचण सुटली, रेषा खाली, मान शाबूत. मी हात वर करून “थांबा, थांबा” म्हणत होते, पण—

“मयेकर, तीन मीटर! लिवा सायबानू!”

“पराडकर, अडीच!”

“कोयंडे, गुडघाभर!” हे कोयंडेकाकाच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

“आमच्याकडे घोटो भिजलो.”

“आमच्याकडे नुसती ओल.”

“आमच्याकडे वास इलो पाण्याचो!”

“आमच्याकडे,” सरपंच टेबलावर हात मारून म्हणाले, “त्या दिवशी दर्या रोजच्यापेक्षा मागे गेलो!”

> नमुना ३ (दुरुस्त)
> घर क्रमांक: १
> पाणी कुठपर्यंत आले होते: आले नाही, गेले
> समुद्रसपाटीपासून उंची: वजा ०.३० मी.

लिपिक ते खरोखर लिहीत होता. मी आणि सुलू एकमेकींकडे पाहून हसायला लागलो होतो. थांबताच येत नव्हतं. सुलूनं पदर तोंडात कोंबला होता. आणि हुलवळेसाहेबांनी फाईल बंद केली.

“छान,” ते म्हणाले. “धोका नाही. धोका नाही तर रेषा नाही. रेषा नाही तर निवाराही नाही. मी पुढच्या गावाला जातो.”

ते उठले. त्यांची गाडी मैदानात होती. लिपिक कागद गोळा करायला लागला. मी भागाआयेंकडे पाहिलं. त्या एकट्याच हसत नव्हत्या. हातगाडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, सुलूकडे बघत बसल्या होत्या.

मी खुर्चीवर चढले. आठवडाभर स्टुलावर चढून सवय झाली होती.

“पाणी किती होतं ते सांगू नका!” मी ओरडले. “कोणीच सांगू नका! मला फक्त एवढं सांगा, पाणी आलं तेव्हा तुमच्या हातात काय होतं? आणि पाय कशावर होते?”

हुलवळेसाहेब दारापर्यंत पोचले होते. दारात हातगाडी. त्यांना थांबावं लागलं.

मी पहिल्या रांगेकडे वळले.

“सरपंच. तुमच्या हातात काय होतं?”

जयराम मयेकरांनी डोळे बारीक केले. छातीशी काहीतरी धरल्यासारखे दोन्ही हात आपोआप वर आले. “बोकड,” ते म्हणाले.

वर्ग फुटला.

“हसा नको! आमचो बोकड होतो. काळो. मी पंधरा वर्षांचो. तो लाथा घाली होतो आणि मी धरून.”

“पाय कशावर?”

“देवळाच्या पायऱ्यांर. खालसून... तिसऱ्या. तिसरी बुडली म्हणून चौथीर गेलंय. चौथी बुडाक नाय. रातभर बोकड घेवन चौथीर बसलंय.”

“माझ्या हातात धाकटी भैण,” सत्यभामाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “चिंचेच्या बेचक्यात. बेचको ऱ्हवलो सुको, माझे पाय लोंबकळत. पावलां पाण्यात.”

“ती चिंच अजून आहे?”

“असा तर! देवळाच्या मागे.”

“टपालाची थैली,” कोयंडेकाका उभे राहून म्हणाले. “डोक्यावर. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. विहिरीच्या कठड्यावर उभा होतो. पाणी घोट्याला. थैलीत अठरा पत्रं होती. एकही भिजलं नाही.”

मग सगळेच. पितळेचा हंडा घेऊन चावडीच्या ओट्यावर. नवऱ्याचा हात धरून गवताच्या उडवीवर. कोंबडी. पालखीतला देव. सासऱ्याचा रेडिओ, जो त्यानंतर कधी बोलला नाही. एकानं सांगितलं की त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि त्याची त्याला अजून लाज वाटते. माणसं एकमेकांना आठवण करून देत होती, नाही रे, तू माझ्या वरच्या पायरीवर होतास, तुझ्या बोकडानं मला लाथ मारली. कोण वर आणि कोण खाली, कोणाचं जास्त, हे कोणी मोजत नव्हतं. बोकडाला कसला आलाय मान! हुलवळेसाहेब परत येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. लिपिकाचे कागद संपले. तो मुलांच्या वहीची पानं फाडून लिहीत होता.

सगळे बोलून दमले तेव्हा हातगाडीवरून आवाज आला.

“माझ्या हातात झील होतो.”

सुलूनं मान वळवली. तो झील तिचा नवरा होता.

“दोन वर्षांचो,” भागाआये म्हणाल्या. “सासू खाटल्यार. तिका उठूक येय नसा. मी तिका हात घातलंय, तर ती म्हणता, पोराक घे आणि जा. मी म्हटलंय, नाय. तिना माझ्या तोंडार मारल्यान. म्हणता, जा.” त्या थांबल्या. “मी गेलंय.”

बाहेर मैदानात कोणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती चालू होईना.

“सकाळी परत इलंय. भिंतीर पाण्याची रेघ होती. खाटल्याच्या वर दोन वीत. मी शेण कालवून घेतलंय आणि रेघ सारवून टाकलंय. त्याच दिसा, तिका उचलूच्या आधी. मगे कोणी इचारल्यान तर सांगी, आमच्या घराक पाणी इला नाय.”

सत्यभामाबाई उठून हातगाडीपाशी गेल्या आणि तिच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

“आये,” मी म्हटलं, “उद्या मी आले तर दाखवाल?”

“खाटला तां नाय आता,” भागाआये म्हणाल्या. “पण उंची माका म्हायत असा. ये.”

३.४० मीटर

रविवारी सकाळी मी पहिल्यांदा देवळाची चौथी पायरी मोजली. मग चिंचेचा बेचका, सत्यभामाबाईंनी स्वतः चढून दाखवला, सगळे नको म्हणत असताना, आणि वरून पाय लोंबकळवून “मोज, मोज!” म्हणाल्या. मग कठडा, ओटा, उडवीची जागा. शेवटी वाळूवरचं घर. सुलूनं भागाआयेंना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी हातानं खाटल्याची उंची दाखवली, मग तिथून वर आपल्याच हातानं दोन विती, एकेक सावकाश, आणि करंगळी जिथे पोचली तिथे ती भिंतीवर तशीच ठेवली.

“लाव तुझी पट्टी.”

> ३.४४ देवळाची पायरी
> ३.३९ चिंच
> ३.४२ विहिरीचा कठडा
> ३.३५ चावडीचा ओटा
> ३.३६ तांडेल, भिंत

असे तेवीस. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या आकड्यात वीतभर अंतर नव्हतं. मी शाळेमागे पळत गेले, खरंच पळत, आणि सरांना फोन केला.

“तीन चाळीस,” मी म्हटलं.

“शोध कसा लागला?”

“बोकडावरून.”

सरांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, “अहवालात तसं लिहू नकोस.” मग म्हणाले, “नाही, लिही.”

धोकारेषा तीन चाळीसवर आखली. वर थोडी जागा सोडून निवारा शाळेमागच्या माळावर, खांबांवर. पुढच्या शनिवारी नारळी पौर्णिमा झाली. पहिला कोणाचा ते ठरेना, म्हणून सरपंचांनी एक, दोन, तीन म्हटलं आणि सगळ्या गावानं एकदम नारळ फेकले. त्यातले चार हवेत एकमेकांवर आपटून फुटले. एक हुलवळेसाहेबांना लागला. त्यांनी तो दुरुस्त नमुन्यात नोंदवला नाही.

४.२५ मीटर

निवारा पुरा व्हायला दोन वर्षं लागली. मी तोवर दुसऱ्या किनाऱ्यावर होते. पण सुलूचं पत्र आलं, कोयंडेकाकांच्या अक्षरात, की रंगीत तालीम आहे, यावं.

तालमीचा नियम असा: शाळेची घंटा झाली की गावानं निवाऱ्यात पोचायचं, ज्यांना चालता येत नाही त्यांना उचलून आणायचं, आणि हुलवळेसाहेबांनी घड्याळ लावून बसायचं. भागाआयेंसाठी होडीची दोन वल्ही आणली होती. मध्ये प्लास्टिकची खुर्ची, सुंभानं करकचून बांधलेली. चार माणसं, त्यांत मयेकरांचे दोन मुलगे. मी शर्यतीचा पंच असल्यासारखी मध्ये उभी.

घंटा झाली.

“धावा मेल्यांनो!” भागाआये ओरडल्या.

ते धावले. खुर्ची डावीकडे कलली, उजवीकडे कलली, भागाआयेंचा एक हात एकाच्या केसांत रुतला, तो किंचाळला, रस्त्यावरची कुत्री भुंकत मागे लागली, सत्यभामाबाई पुढे धावत “बाजूक व्हा! बाजूक व्हा!” करत लोकांना ढकलत होत्या, आणि ज्यांना ढकललं ते धावायला लागत होते. विहिरीच्या वळणावर एक वल्हं निसटलं आणि परत खांद्यावर आलं. चढावर चौघांचे श्वास ऐकू येत होते. निवाऱ्याच्या जिन्यावर त्यांनी खुर्ची टेकवली तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“सहा मिनिटं दहा सेकंद.”

भागाआयेंनी मागे वळून पाहिलं. खाली त्यांचं घर दिसत होतं, उघडं दार, जाळी, समुद्र. मग त्या खुर्चीवर ताठ झाल्या. “सुलू खय?”

“ही काय, आये.”

सुलू त्यांच्या वर उभी होती, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. पायांत चपला नव्हत्या. घंटा होताच ती पुढे सुटली होती. गावानं तिला तसं ठरवूनच सांगितलं होतं.

“माझ्याआधी पोचलंस?”

“कधीच.”

“मागे वळून बघलंस नाय?”

“नाय.”

भागाआये तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या. तोंड उघडून, सगळे गेलेले दात दाखवत, खुर्चीच्या हातांवर थापा मारत. आणि ते बघून सुलू, आणि मग घामानं भिजलेले ते चौघे, आणि घड्याळ हातात धरून हुलवळेसाहेब.

“परत नेवा माका,” भागाआये म्हणाल्या.

“घरी?”

“घराक. आणि परत घंटा वाजवा. सा मिन्टां खूप झाली.”

त्या दुपारी आम्ही त्यांना पाच वेळा वाचवलं.